विमा नसल्याचे चलन: भरावे की भांडावे?

जळगावात अजिंठा चौफुलीवर किंवा धुळ्यात आग्रा रोडवर नाकाबंदी लागते, पोलीस मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकतो, 'इन्शुरन्स संपलाय' म्हणतो आणि दोन हजारांच्या चलनाचा मेसेज मोबाइलवर येऊन पडतो. त्या माणसाला संध्याकाळपर्यंत चार जणांचे चार सल्ले मिळतात. भरून मोकळा हो, असे एक सांगतो. राहू दे तसेच, लोकअदालतीत कमी होईल, असे दुसरा. तिसरा म्हणतो, सरळ कोर्टात जा, तारखेला कोण येतेय तिथे! हे सल्ले देणारे बहुधा एक प्रश्न विचारायचा विसरतात: चलन झाले त्या दिवशी, त्या वेळेला गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू होता की नव्हता? भरायचे की हरकत घ्यायची, याचा निर्णय दंड किती, वकील किती घेतो, पोलीस कसा बोलला, यावर अवलंबून नसून या एका प्रश्नाच्या उत्तरावर आहे. विमा चालू असेल तर एक रुपयाही भरू नये, मग त्यासाठी दोन हेलपाटे पडले तरी चालतील. चालू नसेल तर भांडण्यात वेळ घालवू नये. त्या माणसापुढचा खरा धोका चलनाचा नसतोच.

कायदा नेमके काय मागतो, हे आधी पाहायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानभरपाईची हमी देणारा विमा असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवता येत नाही आणि दुसऱ्याला चालवूही देता येत नाही. मोडल्यास कलम १९६ लागते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड हजार रुपयांपर्यंत होता. आता पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. 'माझी गाडी हायवेवर जातच नाही, घर ते शेत एवढेच' हा बचाव इथे टिकत नाही, कारण लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिकच ठरते. मात्र दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कायद्याची सक्ती फक्त थर्ड पार्टी विम्याची आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा विमा, ज्याला आपल्याकडे 'फुल इन्शुरन्स' म्हणतात, तो घ्यायचा की नाही हे मालकाने ठरवायचे. हा फरक ध्यानात न आल्यामुळे चूक नसलेले लोक दंड भरतात आणि चूक असलेले लोक निर्धास्त राहतात.

हा घोळ वाढायला २०१८ चा एक चांगला निर्णय कारण झाला. रस्ता सुरक्षेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे असे आले होते की देशातल्या सुमारे १८ कोटी वाहनांपैकी फक्त ६ कोटींच्या आसपास वाहनांकडे थर्ड पार्टी विमा आहे. गाडी नवी असताना लोक विमा घेतात आणि दुसऱ्या वर्षीपासून सोडून देतात, हे त्यामागचे कारण. म्हणून कोर्टाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा विकतानाच घेणे सक्तीचे झाले. त्यासोबत गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेकांनी एकाच वर्षाचा घेतला. म्हणजे एकाच कागदावर दोन मुदती आल्या, एक वर्षात संपणारी आणि पाच वर्षांनी संपणारी. समजा, धनत्रयोदशीला शोरूममधून काढलेल्या मोटारसायकलला दोन वर्षांनी अडवले आणि कागदावरची पहिली तारीख वाचून चलन केले, तर ते चलन चुकीचे आहे. कलम १४६ ज्या विम्याविषयी बोलते तो अजून तीन वर्षे चालू आहे. अशा माणसाने हरकत घ्यायलाच हवी. याच्या उलट, 'आपला तर पाच वर्षांचा आहे' असे मनात धरून बसलेल्यांचे काय? २०१८ च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीचा तो विमा २०२३ च्या दिवाळीतच संपला. पहिल्या पाच वर्षांत नूतनीकरणाची सवयच न लागल्यामुळे ही तारीख कित्येकांच्या हातून निसटते, आणि ते नाकाबंदीत पूर्ण खात्रीने भांडतात. दोघांनीही बोलण्याआधी पॉलिसीचा कागद काढून 'लायबिलिटी' किंवा 'थर्ड पार्टी' यापुढे लिहिलेली तारीख आणि वेळ वाचावी.

विमा आहे, पण कागद जवळ नाही, हा प्रकार विमाच नसण्यापेक्षा वेगळा आहे, आणि कायदाही तो वेगळा मानतो. कागद गाडीत नव्हता एवढ्याच कारणासाठी कोणाला दोषी ठरवता येत नाही, मात्र सात दिवसांत तो पोलीस ठाण्यात दाखवला पाहिजे, असे कलम १५८ सांगते. मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या चालकांना ही सवलत सरसकट मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३९ मध्ये २०१८ साली झालेल्या बदलामुळे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचा कागदही ग्राह्य आहे. अडचण येते ती नोंदीची. पोलिसाच्या मशीनला जे दिसते ते 'वाहन' या सरकारी नोंदवहीतून येते. कंपनीकडून नोंद उशिरा पोचली किंवा पॉलिसीवर चेसिस नंबरचा एखादा आकडा चुकला, तर चालू असलेला विमाही तिथे संपलेला दिसू शकतो. मशीनमधली नोंद म्हणजे विमा नव्हे. विमा हा मालक आणि कंपनी यांच्यातला करार आहे, आणि पॉलिसी हा त्याचा पुरावा. हे शांतपणे मांडले तर शहर वाहतूक शाखेतच बरेच काही मिटू शकते. पुढे कोर्टात जावे लागले तरी पॉलिसी दाखवण्याची जबाबदारी आपलीच आहे, हे मात्र धरून चालावे. जी गोष्ट विशेष करून आपल्यालाच ठाऊक असते ती आपणच सिद्ध करायची, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि खान्देशात जुनी मोटारसायकल हातोहात फिरते. एमएच १९ ची गाडी शिरपुरात, एमएच ३९ ची चोपड्यात चालताना दिसणे नवलाचे नाही. गाडी विकत घेतली, विमा जुन्या मालकाच्या नावावर आहे आणि मुदत शिल्लक आहे, तर चलन योग्य ठरते का? नाही. कलम १५७ नुसार गाडीचा मालक बदलला की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. नाव बदलून घेण्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो; तो राहिला म्हणून तिसऱ्या व्यक्तीपुरता विमा नाहीसा होत नाही. अशा चलनावर हरकत घेण्यात अर्थ आहे. गाडी विकून मोकळ्या झालेल्या मूळ मालकाची बाजू मात्र कच्ची आहे. पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या, पुढचा माणूस आरटीओत गेलाच नाही, आणि आता चलने जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतात. 'गाडी माझी नाही' हे त्याचे म्हणणे व्यवहारात खरे असते, पण कायद्यात नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असाच वाद निकाली काढला. एका मागून एक अशा अनेकांना विकली गेलेली गाडी नोंदणीत पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली. म्हणून अशा माणसाने दोन हजारांच्या चलनावर सारी शक्ती खर्च करण्याआधी आरटीओतले नाव बदलून घेण्यामागे लागावे.

पगारी चालकाला कायद्याने दिलेले संरक्षणही फारसे कोणी सांगत नाही. रावेर, सावद्याहून केळीची गाडी घेऊन निघालेला ड्रायव्हर मालकाच्या कपाटातले कागद तपासू शकत नाही. विमा नाही हे त्याला माहीत नसेल आणि तसे वाटण्याचे कारणही नसेल, तर केवळ नोकर म्हणून गाडी चालवल्याबद्दल त्याने कलम १४६ मोडले असे धरले जात नाही. दंड त्याच्या पगारातून कापला जात असेल तर त्याने ही बाजू जरूर मांडावी. गाडी चालवू देणारा मालकही कलम १९६ च्या कक्षेत येतोच.

आता या युक्तिवादावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. विमा होता हे खरे, पण त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जायचे, वकील लावायचा, त्यापेक्षा दोन हजार भरलेले काय वाईट? पाचशे रुपये रोजाच्या माणसाच्या तोंडी हा हिशेब अजिबात चुकीचा नाही. पण त्यात दोन गोष्टी धरलेल्या नसतात. पहिली म्हणजे हरकत घेणे आणि खटला लढणे एक नव्हे. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर पॉलिसी जोडून तक्रार नोंदवता येते, वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेता येते, आणि या टप्प्यावर वकिलाची गरज नसते. कोर्टाची पायरी लागते ती हे दोन्ही फसल्यावर. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तडजोड शुल्क भरले की खटला संपतो, पण नोंद संपत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये असे घातले आहे की तडजोडीने मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणूनच मोजला जाईल. म्हणजे आज न केलेल्या चुकीचे दोन हजार भरणारा माणूस उद्या खरोखर चुकला तर थेट चार हजारांच्या रांगेत उभा राहतो. नोकरीसाठी किंवा कंत्राटासाठी गाडी चालवणाऱ्याच्या नावावर अशी नोंद नाहक का राहावी? चलन तसेच थकवत ठेवणे हा तर पर्यायच नव्हे. खरे असो वा खोटे, ते गाडीच्या नंबरला चिकटून राहते.

विमा खरोखरच संपला होता, अशांकडे वळू. इथे पहिला मोह होतो तो त्याच दिवशी मोबाइलवरून पॉलिसी काढून 'ही बघा, तारीख आजचीच आहे' असे दाखवण्याचा. पॉलिसी त्याच दिवशी काढावीच, पण चलनातून सुटण्याचा मार्ग म्हणून नव्हे. विम्याची जोखीम कागदावर लिहिलेल्या वेळेपासून सुरू होते. सुप्रीम कोर्टापुढे आलेल्या एका प्रकरणात अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी झाला होता आणि पॉलिसी घेतली गेली होती २ वाजून ५५ मिनिटांनी. त्या पस्तीस मिनिटांमुळे विमा कंपनी मोकळी झाली आणि भार मालकावर आला. चलनावरही वेळ छापलेली असते. मागची तारीख घालून पॉलिसी 'करून देणारे' भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावे. दोन हजारांच्या दंडातून सुटण्यासाठी बनावट दस्तऐवजाचा गुन्हा ओढवून घेणे परवडणारे नाही. पोलीस तारखेला येणार नाही या भरवशावर कोर्टात जाणाऱ्याच्या पदरात फार तर दंडातली थोडी सूट पडेल. ती पडेपर्यंत गाडी विम्याशिवायच धावत असेल, तर त्याने दोन हजार वाचवताना काय पणाला लावले, हे आकड्यांत पाहणे बरे.

अपघातात गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला किती भरपाई द्यायची, याचे गणित सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिले आहे. ३४ वर्षांचा गवंडी घ्या, महिना १२,००० रुपये कमावणारा, घरात चार-पाच माणसे त्याच्यावर अवलंबून. चाळिशीच्या आतला आणि स्वतःच्या कामावर पोट असलेला म्हणून पुढील उत्पन्नवाढीचे ४० टक्के धरायचे, की आकडा १६,८०० होतो. स्वतःवरच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२०० झाले, आणि या वयाला १६ ने गुणायचे असते. उत्तर येते २४,१९,२००. त्यावर अंत्यविधी, वारसा आणि जोडीदाराच्या वियोगापोटीच्या ठरावीक रकमा, आणि दाव्याच्या तारखेपासून व्याज. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने असा निवाडा दिला की विमा असलेल्याची रक्कम कंपनी भरते आणि नसलेल्याची त्याच्या शेतावर, घरावर, पगारावर येते. ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दरानुसार वर्षाला ७१४ रुपये आहे, अधिक जीएसटी. चूक कोणाची हे न पाहता मालकाने किंवा विमा कंपनीने मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख द्यावेत, अशीही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून कलम १६४ मध्ये आहे. शिवाय अपघातातली विमा नसलेली गाडी मालकाला सहजासहजी परत मिळू नये, आणि पुरेशी हमी दिली नाही तर तीन महिन्यांनी तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा व्हावेत, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

हे आकडे पुस्तकी वाटत असतील तर आपले रस्ते आठवावेत. सुरत-नागपूर महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ ओवत जातो. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यातून शिरपूरमार्गे मध्य प्रदेशात शिरतो. धुळे-सोलापूर रस्ता चाळीसगावहून कन्नड घाट चढतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटून पंधरा मजूर गेले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला, त्यात किमान दहा जणांचा जीव गेला. हे अपघात अवजड गाड्यांचे होते, पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला मोटारसायकलही तेवढीच पुरते. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेल्या खान्देशातल्या भाविकांच्या रांगा याच महामार्गांच्या कडेने चालतात. थर्ड पार्टी म्हणजे ती माणसे. विम्याचा हप्ता आपण त्यांच्यासाठी भरतो, आणि म्हणूनच कायद्याने तो आपल्या मर्जीवर सोडलेला नाही.

यावर लोक म्हणतात, विमा कंपन्या तरी कुठे पैसे देतात? या शंकेत तथ्य आहे. मालाच्या गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये ठरवले. टपावर मजूर बसवणाऱ्या प्रत्येक मालकाने हे लक्षात ठेवावे. पण गाडीबाहेरच्या तिसऱ्या माणसाबाबत कायदा बराच भक्कम आहे. चालकाच्या लायसन्समध्ये खोट निघाली तरी कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, हा मार्ग २००४ च्या निकालाने रुळवला. 'सरकार आता मोफत उपचार देतेच' हा दुसरा आक्षेप. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळू शकतात, आणि ही मोठीच सोय आहे. मात्र दीड लाखात हाड जोडले जाते. त्या घराची पुढची वीस वर्षे जो कमावणार होता त्याची जागा भरून निघत नाही.

एक आक्षेप तत्त्वाचा आहे, तो टाळू नये. विमा नव्हता हे खरे, पण चलनावर नंबर चुकला आहे, फोटो दुसऱ्याच गाडीचा आहे, जागा भलतीच लिहिली आहे. मग पोलिसांच्या चुकीचा फायदा नागरिकाने का घेऊ नये? गाडीच दुसरी असेल तर प्रश्नच मिटला, ते चलन आपले नाहीच, आणि बनावट नंबरप्लेटची शंका असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्यायला हवी. बाकीच्या चुकांवर बोट ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि पुराव्याशिवाय कोणालाही दंड होऊ नये हे मला मनापासून पटते. नाकाबंदीत अरेरावी झाली असेल तर तिची तक्रार वरिष्ठांकडे वेगळी करावी. ती विम्याच्या वादात मिसळली की दोन्ही बाजू लंगड्या पडतात. पण तांत्रिक मुद्द्यावर चलन रद्द झाले म्हणून गाडीला विमा मिळत नाही. तो माणूस कोर्टातून बाहेर पडून गाडीला किक मारतो त्या क्षणी कलम १४६ पुन्हा मोडलेले असते.

म्हणून विमा संपलेल्याने क्रम उलटा लावावा. चलनाचा विचार दुसऱ्या दिवशी केला तरी चालेल; गाडी मात्र जिथे आहे तिथे उभी ठेवून आधी पॉलिसी घ्यावी. फक्त थर्ड पार्टी विमा दुचाकीला मोबाइलवर काही मिनिटांत मिळतो. गाडीच्या नुकसानीचाही विमा हवा असेल तर खंड पडल्यामुळे कंपनी गाडी तपासायला मागू शकते, आणि खंड ९० दिवसांहून जास्त झाला तर साचलेला नो क्लेम बोनस जातो. पॉलिसी आल्यावर त्यावरचा गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि विमा सुरू होण्याची वेळ वाचावी, चार-पाच दिवसांनी एमपरिवहनवर नोंद दिसते का ते पाहावे, नाही दिसली तर कंपनीला लेखी कळवावे. मग दंड भरावा, पावती पॉलिसीसोबत ठेवावी, आणि घरातल्या दुसऱ्या गाडीचा, ट्रॅक्टरचा, मुलाच्या स्कूटीचा कागदही त्याच बैठकीत काढून पाहावा.